चाकाच्या अलीकडे आणि पलीकडे

गोरोबाकाकांची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. तेरचा हा कुंभार माती तुडवत होता, विठ्ठलाच्या नामात देहभान हरपले होते, आणि रांगत आलेले तान्हे मूल कधी पायाखाली आले हे त्याला कळलेही नाही. कीर्तनकारांनी या प्रसंगातला भक्तिभाव घरोघर पोचवला. त्यातले काम मात्र सहसा कुणी पाहत नाही. गोरोबा त्या वेळी चाकावर बसलेले नव्हते, ते माती तयार करत होते. त्यांची दुसरी प्रसिद्ध गोष्ट संतांच्या मेळ्यातली. थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कोण पक्का, कोण कच्चा हे त्यांनी ठरवले आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले. त्याही गोष्टीत चाक नाही. तरीही कुंभाराचे चित्र काढा म्हटले की आपण फिरते चाक काढतो आणि त्यावर वर येणारा घट.

हे पुस्तक चाकाच्या अलीकडचे आणि पलीकडचे आहे. जमिनीतून आणलेली माती घडवण्याजोगी कशी होते, आणि घडलेल्या भांड्याला रंग कसा येतो, हे त्याचे दोन विषय. ते एकाच पुस्तकात का, असा प्रश्न नवख्या वाचकाला पडेल. लेखिकेचे म्हणणे असे की ही दोन कामे मुळात वेगळी नव्हतीच. पिशवीतली तयार माती आणि डबीतला तयार रंग दुकानात मिळू लागल्यावर त्यांची फारकत झाली. मला हे पटते. त्यात माझी एक भर आहे. आपल्याकडच्या अनेक कुंभार समाजांत बाईने चाकाला हात लावू नये असा दंडक होता. माती कुटणे, चाळणे, भिजवणे, राख-लीद मिसळणे, भांड्याला गेरूचा हात देणे, नक्षी काढणे ही कामे मात्र बहुतांशी घरातल्या बायकांची. कच्छच्या खावडा गावची प्रसिद्ध भांडी पुरुष घडवतात; त्यांवरचे तांबडे, पांढरे, काळे पट्टे आणि ठिपके बायका रेखतात. म्हणजे या विषयाचे अर्ध्याहून अधिक ज्ञान ज्यांच्या हातात होते त्यांचे नाव कारागीर म्हणून कुठे लागले नाही, आणि त्यांना कुणी काही लिहून ठेवायलाही सांगितले नाही. कुंभारकामावरच्या वर्णनांत चाकाला पाने मिळतात आणि मातीला दोन ओळी, याचे एक कारण मला हे वाटते.

याला अपवाद आहेत आणि ते बोलके आहेत. मणिपूरच्या आंद्रो गावात भांडी घडवतात त्या बायकाच, आणि तिथे चाकच नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये सान इल्डेफोन्सो या मूलनिवासी वस्तीतल्या मारिया मार्टिनेझ यांनी पती ज्युलियन यांच्यासह १९१९च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी असलेली भांडी सिद्ध केली. तिथेही चाक नव्हते. ज्वालामुखीची राख मिसळलेली स्थानिक माती, गुळगुळीत दगडाने घोटलेला पृष्ठभाग, आणि ऐन भरात शेणाच्या भुकटीने गुदमरवलेला जाळ एवढ्यावर ते काम उभे होते. चाक नसले की माती आणि रंग आपोआप मध्यभागी येतात.

आता मातीकडे. भांड्याची माती म्हणजे खडक कुजून झालेले अत्यंत बारीक कण, आकाराने साधारण दोन मायक्रॉनहून लहान आणि पत्र्यासारखे चपटे. मध्ये पाणी असले की हे पत्रे एकमेकांवरून सरकतात आणि दाब काढला की जागच्या जागी राहतात. कुंभार जिला चिकण म्हणतो ती एवढीच गोष्ट. पण पत्रे कोणत्या खनिजाचे यावर सगळे ठरते. केओलिन पाणी कमी धरते, कमी आकसते, भाजल्यावर पांढरे राहते आणि हाताला जरा रुक्ष लागते. माँटमोरिलोनाइट आपल्या थरांच्या आत पाणी घेऊन फुगते आणि वाळताना तितकेच आकसते. उन्हाळ्यात आपल्या शेतांना पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळे.

इथे दख्खनची अडचण सुरू होते. सह्याद्रीपासून विदर्भाच्या बऱ्याच भागापर्यंत पसरलेल्या बेसॉल्टपासून झालेली आपली काळी माती माँटमोरिलोनाइटने भरलेली आहे. कापसाला ती उत्तम, पण भांड्याला एकटी वापरली तर वाळतानाच तडकते. म्हणून इथला कुंभार कधीच एका मातीवर राहिला नाही. तळ्याचा किंवा नदीचा गाळ, त्यात थोडी चिकण काळी, वर बारीक वाळू, राख, घोड्याची किंवा गाढवाची लीद, भाताचे तूस, नाहीतर जुन्या खापरांचा चुरा, असे मिश्रण तो करत आला. यातल्या प्रत्येकाचे काम वेगळे. वाळू आणि खापराचा चुरा आकसत नाहीत, म्हणून तडे थांबवतात. लीद आणि तूस ओल्या मातीला धरून ठेवतात आणि भाजताना जळून बारीक छिद्रे मागे सोडतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर येऊन उडते आणि माठ गार राहतो. माठाची माती सुबक भांड्याच्या मातीसारखी मळून-गाळून अगदी तलम केली तर माठ देखणा होईल आणि पाणी कोमट राहील. शहरातल्या हौशी स्टुडिओत असे माठ मी पाहिले आहेत.

दुसरी अडचण चुनखडीची. काळ्या मातीत चुन्याचे खडे हमखास असतात. भट्टीत सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांचा कळीचा चुना होतो. भांडे बाहेर निघते तेव्हा निर्दोष दिसते. मग हवेतला दमटपणा शोषून तो खडा फुगतो आणि आठवड्याभरात पोटाला खपली उडते. यावर तीन उपाय आहेत. खडे चाळून काढायचे, किंवा इतके बारीक दळायचे की फुगण्याची ताकदच उरणार नाही, किंवा मातीत अगदी थोडे मीठ घालायचे. कोणत्या मातीला कोणता उपाय हे ओळखण्याच्या चाचण्या पुस्तकात आहेत आणि त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. मातीवर व्हिनेगर टाकले की चुना फसफसतो. ओल्या मातीची वळकटी बोटाभोवती गुंडाळली की चिकटपणा कळतो. दहा सेंटिमीटरची पट्टी करून वाळवली आणि भाजली की आकसण्याचे माप हाती येते.

रंगाची गोष्टही याच मातीत सुरू होते. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर, वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. त्यामुळे जी माती शेतात काळीभोर दिसते ती मोकळ्या जाळात भाजली की तांबडी होते. नवशिक्याला हा पहिला धक्का असतो. दुसरा धक्का पिवळ्या मातीचा. तिच्यातल्या लोहाला पाणी जडलेले असते. दोन-तीनशे अंशांवर ते निघून जाते आणि पिवळी माती गेरूसारखी लाल होते. कच्च्या मातीचा रंग पाहून पक्क्या भांड्याचा रंग सांगता येत नाही. तो ठरवतात मातीतली खनिजे आणि जाळातली हवा. हवा मोकळी असेल तर लोह लाल. हवा कोंडली, धूर कोंडला, तर तेच लोह काळे पडते आणि छिद्रांत काजळीही शिरते. उत्तर प्रदेशात आझमगडजवळच्या निजामाबादची काळी भांडी अशीच कोंडलेल्या धुरात काळी होतात. आणि मातीत चुना बारीक, सगळीकडे सारखा विखुरलेला असेल तर तो चढत्या आचेला लोहाचा लाल रंग दाबून टाकतो आणि भांडे फिकट पिवळसर निघते. जो चुना खड्याच्या रूपात भांडे फोडतो तोच दळून मिसळला की रंग बदलतो. तयारी आणि रंग वेगळे काढता येत नाहीत, हे म्हणणे अशा ठिकाणी नुसते मत राहत नाही.

ही समज आपल्याकडे किती जुनी आहे हे जोर्वेने दाखवले. प्रवरेकाठच्या या गावी १९५०-५१मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि त्या गावाच्या नावाने एक अख्खी मृद्‌भांडी-परंपरा ओळखली जाऊ लागली. पुढे घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने दीर्घकाळ खोदकाम केले, त्यात कुंभाराच्या भट्टीचेही अवशेष मिळाले. इ.स.पू. १४०० ते १००० या काळातले जोर्वे भांडे हातात घेतले तर ते पातळ, नीट भाजलेले, टिचकी मारली की धातूसारखे वाजणारे असते. तांबूस-नारिंगी अंगावर काळ्या रेषांची भौमितिक नक्षी, आणि ती नक्षी भाजण्याआधी काढलेली. हे तडकणाऱ्या, खड्यांनी भरलेल्या मातीच्या प्रदेशात झाले आहे. इतके पातळ भांडे करायचे तर गाळ निथळून त्यातला बारीक भागच घ्यावा लागतो, आणि काळी रेघ काळीच राहून अंग तांबडे यायचे तर जाळावर हुकमत लागते. त्यानंतरच्या उत्तर जोर्वे काळात, इ.स.पू. १००० ते ७००, इनामगावची भांडी जाडीभरडी झाली. पुराविदांनी याचा संबंध कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी आणि खालावलेल्या जगण्याशी जोडला. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते: माती निथळायला मुबलक पाणी लागते आणि मुरवायला निवांत वेळ. ज्या घरात दोन्हींची चणचण आहे तिथे पहिली काटछाट इथेच होते.

विदर्भातल्या महापाषाण संस्कृतीच्या माणसांनी वेगळी वाट धरली. माहुरझरी, नायकुंड इथल्या दफनांत मिळालेली काळी-तांबडी भांडी आतून आणि काठाला काळी, खाली तांबडी आहेत. त्यांवर रंग लावलेला नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते भांडे उपडे घालून भाजले, त्यामुळे आत हवा कोंडली आणि बाहेर मोकळी राहिली. एकाच मातीचे एकाच आगीत दोन रंग. आणि गोरोबाकाकांच्या तेरला, त्यांच्या हजारेक वर्षे आधी, सातवाहन काळात, दुहेरी साच्यातून केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या निघत होत्या. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळचा मोठा ठेवा आहे. आजूबाजूची जमीन काळी असताना ही पांढरी माती दुरून आणली असणार. माती विकत आणणे ही काही आजची फॅशन नाही.

जगाच्या पाठीवर पाहिले तर मातीला रंग देण्याच्या तीन ठळक वाटा दिसतात, आणि त्या एकमेकींत सारख्या शिरतात. पहिली जाळाची, तिच्याबद्दल वर आलेच. दुसरी लेपाची: निथळलेल्या तलम मातीचा पातळ घोळ, ज्याला स्टुडिओत स्लिप म्हणतात, अर्धवट वाळलेल्या भांड्यावर द्यायचा आणि हवे तर दगडाने घोटायचा. या वाटेचे शिखर अथेन्सच्या कुंभारांनी गाठले. त्यांच्या भांड्यांवरचा चकचकीत काळा हा रोगण नव्हे; भांड्याच्याच जातीच्या लोहयुक्त मातीतला सर्वांत बारीक भाग निथळून केलेला तो लेप आहे. भट्टी आधी मोकळी, मग कोंडलेली, मग पुन्हा मोकळी ठेवायची. कोंडलेल्या वेळी सगळेच काळे होते. शेवटी हवा परत आली की सच्छिद्र अंग पुन्हा लाल होते, पण लेपाचे बारीक कण तोवर एकमेकांना वितळून चिकटलेले असतात, त्यांत हवा शिरत नाही, ते काळेच राहतात. एका भागाला लाल आणि दुसऱ्याला काळे ठेवणारी ही करामत मुख्यतः कणांच्या आकारातून झाली आहे. रंगाची डबी नाही, मातीची निथळणी. या पुस्तकातले माझ्या लेखी सर्वांत मोलाचे प्रकरण हेच तंत्र आपल्या तळ्यांच्या गाळावर करून पाहते.

तिसरी वाट अंगभूत रंगाची. मातीतच रंगद्रव्य मळायचे, वेगवेगळ्या रंगांच्या माती थरावर थर ठेवून कापायच्या, पिळायच्या, म्हणजे नक्षी भिंतीच्या आरपार जाते. चीनमध्ये तांग काळात अशी, संगमरवरासारखी दिसणारी मातीची भांडी झाली. जपानमध्ये या पद्धतीला नेरिकोमी म्हणतात. कोरियात गोर्यो काळात कोरलेल्या रेषांत पांढरी आणि काळी माती भरून वर हिरवट झिलई दिली जाई. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवूडने १७७०च्या दशकात पांढऱ्या मातीत धातूंची ऑक्साइडे मिसळून फिकट निळे जॅस्परवेअर सिद्ध केले, आणि त्यासाठी त्याने हजारो चाचण्या केल्या. या वाटेची अट एकच, आणि ती महाराष्ट्राच्या मुळावर येते: माती पांढरी हवी. आपल्या लोहाने भरलेल्या मातीत कोबाल्ट घातले तर निळा बुडून जातो आणि मळकट काळसर रंग उरतो. पांढऱ्यात अर्धा-एक टक्का कोबाल्टही भरपूर होते. म्हणून इथे अंगभूत निळा-हिरवा हवा असेल त्याने सिंधुदुर्गातल्या किंवा बाहेरच्या केओलिनकडे वळावे, नाहीतर आपल्या लाल-काळ्या-पिवळसर रंगांतच खोल जावे. लेखिकेने दुसरा मार्ग धरला आहे. मी तिच्या जागी असतो तर पहिल्याला आणखी थोडी जागा दिली असती.

आधुनिक काळात मुंबईत या कामाला वेगळे वळण लागले. जे. जे. कलाशाळेत १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने कुंभारकाम सुरू झाले आणि सिंधी झिलईच्या तंत्रावर अजिंठ्याच्या आकृती चढल्या. भांडे म्हणजे चित्रासाठी पृष्ठभाग ही दृष्टी तिथे रुजली. विसाव्या शतकात गुरचरण सिंग जपानला जाऊन आले, त्यांनी १९५२मध्ये दिल्ली ब्लू पॉटरी उभी केली. १९७१मध्ये पुदुच्चेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू झाली, आणि भारतातल्या स्टुडिओ-कुंभारांची एक अख्खी पिढी तिथून निघाली. पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी इंग्लिश कुंभार बर्नार्ड लीच यांच्याकडे काम केले आणि भारतीय कुंभारांसाठी इंग्रजीत हँडबुक लिहिले. ते आजही स्टुडिओच्या फळीवर चिखलाने माखलेले सापडते. या सगळ्या परंपरेचे लक्ष मुख्यतः बाराशे-तेराशे अंशांच्या स्टोनवेअरवर आणि झिलईवर, म्हणजे ग्लेझवर राहिले, आणि ते योग्यही होते. पण त्यामुळे आठशे अंशांवरची गावची माती हा मागासलेला विषय ठरला. गोव्यातल्या डिचोलीचा, मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यातला कारागीर एका बाजूला, स्टुडिओतला कलाकार दुसऱ्या बाजूला. मधल्या जागेत मराठीतून लिहिलेले जवळजवळ काही नव्हते.

आज हा विषय निकडीचा का, याचे एक उत्तर दर भाद्रपदात आपल्या दारात येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०मध्ये मूर्तिविसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे सुधारली, प्लास्टर ऑफ पॅरिसविरुद्ध कोर्टकज्जे झाले, आणि शाडूची मागणी वाढली. पण शाडू बहुतांशी गुजरातेतून गोण्यांतून येतो. पर्यावरणाचा मुद्दा खरा असेल तर शेकडो किलोमीटरवरून आणलेली माती समुद्रात सोडणे हे त्याचे अर्धेच उत्तर आहे. गावच्या मातीची मूर्ती तडकते, रंग धरत नाही, ही मूर्तिकारांची तक्रार खोटी नाही; ती मिश्रणाची आणि लेपाची अडचण आहे आणि ती सोडवता येते. दुसरे उत्तर सरकारी कागदांत आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८पासून कुंभार सशक्तीकरणाच्या नावाने विजेची चाके वाटली. चांगलेच झाले, हात दमायचे थांबले. पण पुन्हा चाकच! त्याच सुमारास, २०१७पासून, राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून धरणा-तळ्यांचा गाळ शेतात टाकला जातो आहे. त्यातला थोडा चाळून, तपासून कुंभारवाड्याकडे वळवावा असे कुणाला सुचलेले मला दिसले नाही. पुस्तकात लेखिकेने हे सुचवले आहे, जरा भीत भीत. तिने ते ठणकावून सांगायला हवे होते.

पुस्तक नवख्यांसाठी असल्याने सुरक्षिततेबद्दल ते कडक आहे आणि मी त्याहून कडक होईन. कोरडी माती झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून जो आजार होतो तो बरा होत नाही. मँगनीजची आणि क्रोमची पूड उघड्या हाताने, उघड्या नाकाने हाताळू नये. आणि लाल रंगासाठी देवाचा शेंदूर किंवा हिंगूळ भट्टीत घालायचा मोह कुणाला होईल, तो टाळावा. शेंदरात पारंपरिकपणे शिसे असते, हिंगुळात पारा, आणि पारा जाळात वाफ होऊन सरळ भट्टीजवळच्या माणसाच्या श्वासात जातो. आपल्याला गेरू आहे, काव आहे, पुरे आहे.

या पुस्तकात काय नाही तेही सांगतो. ग्लेझची सूत्रे नाहीत, चाकावरचे धडे नाहीत, आणि ‘अमुक तालुक्याची माती अमुक टक्के’ असा तयार तक्ता नाही. शेवटच्यावर वाचक नाराज होतील. पण एकाच तळ्याच्या दोन काठांची माती वेगळी भाजते. छापील तक्ता लोकांना डोळे झाकून मोजायला शिकवेल. त्याऐवजी शेवटी कोरे तक्ते दिले आहेत: माती कुठून आणली, किती खोलीवरून, आकसली किती, कोणत्या आचेला कोणता रंग आला, खपली उडाली का. पाने फाडून वापरावीत अशी लेखिकेची इच्छा आहे. वाचकाने पहिल्या प्रकरणापासून न वाचता चुनखडीच्या चाचण्यांपासून सुरुवात करावी असे मला वाटते. चैत्र-वैशाखात तळी आटतात, गाळ उघडा पडतो, तेव्हा व्हिनेगरची बाटली आणि कापडी पिशव्या घेऊन निघावे. प्रत्येक पिशवीवर जागा आणि खोली लिहावी, आणि तळ्याजवळ कुंभारवाडा असेल तर तिथल्या म्हाताऱ्या बायकांना आधी विचारून मग खणावे.